खाचांत राहिलेलं ताक

मी एक जुनी रवी आहे, आणि ही गोष्ट सांगताना माझी मान खाली आहे. तशी रवी खिळ्याला उलटीच टांगलेली असते, त्यामुळे माझी मान वर कधी नसतेच. पण तसं खाली असणं वेगळं आणि लाजेनं खाली जाणं वेगळं. मित्रांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी आता रवी नसेलही, म्हणून आधी माझं रूप सांगते. हातभर लांब दांडा, आणि त्याच्या टोकाला लाकडाचंच एक फूल. त्या फुलाला खोल खाचा असतात. दांडा दोन तळव्यांत धरून मागेपुढे फिरवला की त्या खाचा भांड्यातलं सगळं घुसळून काढतात. त्या खाचा म्हणजे माझा गुण आणि माझ्या सगळ्या लाजेचं घरही तेच.

माझा जन्म खर्डा गावचा. वैजनाथ नावाचे एक सुतार होते. दाराच्या चौकटीतून उरलेल्या सागाच्या तुकड्यातून त्यांनी मला घडवलं. त्या वेळी सुनीतीबाई तिथल्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचे पती मार्तंडराव त्याच शाळेत कारकून. सुनीतीबाई मला न्यायला आल्या तेव्हा वैजनाथांनी माझ्यावरून शेवटचा पॉलिशपेपर फिरवला आणि म्हणाले, "बाई, हिला साबन लावू नका. लाकूड साबन पितं. गरम पान्यानं धुवायची अन् उनात ठिवायची." बाईंनी मान डोलावली. पण त्यातलं अर्धंच त्यांच्या डोक्यात राहिलं. साबण लावायचा नाही, एवढंच. गरम पाणी आणि ऊन त्या घरी पोहोचेपर्यंत विसरल्या.

पुढची कित्येक वर्षं मी ताक केलं. माझ्या ताकाची तारीफ व्हायची आणि ती मी निमूट ऐकून घ्यायचे. मग दोघं निवृत्त झाली, नगरला आली आणि सावेडीतल्या एका बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. तिथं ओट्यावर मिक्सर बसला आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. आठवड्यातून एकदा कढीसाठी बाहेर निघायचे, नळाखाली धरली जायचे आणि ओलीच पुन्हा आत जायचे. ड्रॉवरच्या अंधारात माझ्या खाचांना आंबूस वास येऊ लागला. मला तो कळत होता. मी स्वतःची समजूत घातली की म्हाताऱ्या लाकडाला थोडा वास यायचाच.

बाईंची नात यामिनी शिकायला आजी-आजोबांकडे राहते. नववीत आहे. गेल्या थंडीत तिनं चॉकलेट कॉफीचं वेड घेतलं. एका संध्याकाळी दूध तापलं आणि नेमकी लाईट गेली. मिक्सर ठप्प. तिनं ड्रॉवर उघडला आणि मला बाहेर काढलं.

तिची पद्धत मला अजून पाठ आहे. एका वाटीत दोन चमचे कोको, एक चमचा कॉफी, तीन चमचे साखर आणि अगदी चिमूटभर मीठ. त्यावर थोडंसं कोमट दूध घालून ती आधी गुठळ्या मोडायची. दुसरीकडे मंद आचेवर दुधात किसलेलं चॉकलेट विरघळत ठेवायची. मग वाटीतलं मिश्रण पातेल्यात जायचं आणि त्यामागून मी. तळव्यांत दांडा फिरायला लागला की पांढऱ्या दुधात तपकिरी रेघा उठायच्या, मग रंग एक व्हायचा, आणि मग वर फेस. त्या दिवशी मार्तंडरावांनी पहिला घोट घेतला, मिशीला लागलेला फेस पुसला आणि म्हणाले, "मिक्सरला असा फेस जमला नसता."

मित्रांनो, मी हुरळले. रोज संध्याकाळी मला बोलावणं येऊ लागलं. मला खिळा मिळाला, ओट्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा. मग कढीच्या दिवशी ताकात उतरताना मला कमीपणा वाटू लागला. ज्या ताकानं मला वर्षानुवर्षं मान दिला, त्याची मला लाज वाटली. लाज वाटायची ती चुकीच्या गोष्टीची, हे मला तेव्हा कळलं नाही.

आता कडूबाईबद्दल सांगते. ती आमच्याकडे धुणंभांडी करायची. त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर रोहिणीताईंकडे आणि खाली तळमजल्यावर अशी तिची आणखी दोन कामं होती. ती शेवगावकडची. पूर्वी दरवर्षी दिवाळी झाली की नवरा सहादेवबरोबर ऊस तोडायला जायची. मुलगी ज्योती शाळेत जाऊ लागली आणि दर हिवाळ्यात तिची शाळा सुटू लागली, तेव्हा कडूबाईनं कोयता सोडला आणि सगळे नगरला आले. भांडी घासता घासता ती यामिनीला सांगायची, "पोरगी सातवीत गेली, एक बी दिस बुडवला न्हाई." हे सांगताना तिचा हात जोरात चालायचा आणि भांडी लख्ख निघायची.

संक्रांतीनंतर सुनीतीबाईंनी हळदी-कुंकू ठरवलं. बिल्डिंगमधल्या आठ-नऊ बायका येणार होत्या. दरवेळी मसाला दूध असतं, या वेळी यामिनीची चॉकलेट कॉफी द्यायची असं ठरलं. दुपारी जेवायला कढी झाली होती. कडूबाईनं मला हातात घेतलं, नाकाजवळ नेलं आणि म्हणाली, "बाई, हिच्या खाचांत आंबूस वास येतुया. उलीसं गरम पानी घालू का?"

"नको, नळाखाली धर," बाई म्हणाल्या. "गॅसवर जागा आहे का आत्ता? आणि साबण लावू नकोस."

कडूबाईनं मला नळाखाली धरलं. बोटानं खाचा पुसल्या, पण बोट तळापर्यंत पोहोचेना. यामिनी तिथेच चॉकलेट किसत उभी होती. मी खिळ्यावर गेले. खाचांच्या तळाशी आठवड्यांमागून आठवडे ताक साचत चाललं होतं हे मला माहीत होतं, आणि तरी माझं सगळं लक्ष संध्याकाळच्या कौतुकाकडे होतं.

संध्याकाळी बायका आल्या. मोठ्या पातेल्यात दोन लिटर दूध तापलं. यामिनीनं मला आत सोडलं, फिरवायला सुरुवात केली आणि थोड्याच वेळात पातेल्यात चोथा एकीकडे आणि पाणी एकीकडे झालं. तपकिरी गोळे वर तरंगू लागले. यामिनीचा हात थांबला. बाहेरून रोहिणीताईंनी विचारलं, "काय गं, किती वेळ?" आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. त्यांच्यामागून बाकीच्याही आल्या. सगळ्यांनी पातेल्यात पाहिलं.

सुनीतीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला बाहेर काढलं, वास घेतला आणि मोरीपाशी उभ्या असलेल्या कडूबाईकडे वळल्या. "रवी धुतलीस तरी का? नुसती पाण्याखाली फिरवलीस ना?"

"बाई, म्या तर इचारलं—"

"उलट बोलू नकोस. काम करायचं तर मन लावून करावं. हा सरळ कामचुकारपणा आहे."

रोहिणीताई म्हणाल्या, "आमच्याकडेही हल्ली कप चिकट निघतात हो."

कडूबाईनं यामिनीकडे पाहिलं. यामिनीनं पातेल्यात पाहिलं. कडूबाईनं हातातली वाटी विसळून पालथी घातली, पदराला हात पुसले आणि बायकांच्या मधून वाट काढत निघून गेली. तिला हळदी-कुंकू लावायचंही राहून गेलं.

मी बाईंच्या हातात होते. माझ्यातून आंबट पाण्याचे थेंब फरशीवर पडत होते. मला वाटत होतं, कोणीतरी आत्ता बोलावं. मला मेलीला दांडा आहे, फूल आहे, जीभ तेवढी नाही. पण खरं सांगू? जीभ असती तरी त्या क्षणी मी बोलले असते की नाही याची मला खात्री नाही. दोष दुसऱ्यावर गेला म्हणून मला हलकंही वाटलं होतं. ही गोष्ट सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून कडूबाई आली नाही. दोन दिवसांनी यामिनी शाळेतून आली ती जिन्यावरची बातमी घेऊन. रोहिणीताईंनी तर कडूबाईला येऊ नको म्हणून सांगितलं होतं. आता एकटं तळमजल्यावरचं काम उरलं होतं. सहादेव म्हणत होता की मुकादमाला अजून माणसं कमी पडताहेत, हंगाम संपेपर्यंत उसाला जाऊ. म्हणजे ज्योतीची शाळा सुटणार. बाई ऐकत होत्या आणि भांडी घासत होत्या.

चौथ्या दिवशी मार्तंडरावांना सर्दी झाली. यामिनीनं त्यांच्यासाठी कपभर चॉकलेट कॉफी करायला घेतली. आदल्या दिवशी पुन्हा कढी झाली होती आणि मला खुद्द बाईंनी धुतलं होतं, त्यांच्या पद्धतीनं, नळाखाली. मी दुधात उतरले आणि दूध पुन्हा फाटलं.

मार्तंडराव पाणी प्यायला आत आले होते. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हळूच विचारलं, "आता कोणी धुतली?"

मग यामिनी रडायला लागली. "आजी, मावशींनी गरम पाणी घालू का म्हणून विचारलं होतं. मी ऐकलं होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि मी काहीच बोलले नाही."

सुनीतीबाई स्टुलावर बसल्या. "मलाही आठवलं होतं," त्या म्हणाल्या. "आज नाही, त्याच दिवशी. तिनं बोलायला तोंड उघडलं तेव्हाच मला आठवलं. म्हणून तर तिला बोलू दिलं नाही. सगळ्याजणी दारात उभ्या होत्या ना."

मित्रांनो, त्या स्वयंपाकघरात तिघींना खरं माहीत होतं आणि तिघीही गप्प बसलो होतो. जी बोलायला गेली तिला आम्ही बोलू दिलं नव्हतं.

बाईंनी यामिनीबरोबर निरोप धाडला की झालं ते विसर आणि कामावर ये. कडूबाई तळमजल्यावर कामाला आली तेव्हा यामिनीनं तिला जिन्यातच गाठलं आणि उत्तर घेऊन आली. कडूबाई म्हणाली होती, "चार बायांत बोलल्या, चार बायांत सांगा म्हनावं. मंग बघू."

बाईंना ते जड गेलं. एकतीस वर्षं त्यांनी वर्गात मुलांना सांगितलं होतं की चूक झाली तर उभं राहून कबूल करा. आता त्या स्वयंपाकघरात फेऱ्या घालत होत्या आणि कबूल करायला त्यांचे पाय तयार होत नव्हते. दोन दिवस असेच गेले. पण त्या दोन दिवसांत त्यांनी एक केलं. मला उकळत्या पाण्यात धरलं, दाभणानं खाचा कोरल्या आणि गच्चीवर उन्हात ठेवलं. खाचांतून जे पिवळट काही निघालं ते पाहून मला गच्चीवरून खाली पडावंसं वाटलं.

मग त्यांनी त्या दिवशीच्या सगळ्या बायकांना चॉकलेट कॉफी प्यायला बोलावलं. कडूबाईलाही निरोप गेला. ती आली आणि दारापाशीच उभी राहिली. बाईंनी तिला आत आणून खुर्चीवर बसवलं. कॉफी छान झाली होती, फेस आला होता, पण मला त्याचा आनंद नव्हता. सगळ्यांच्या हातांत कप गेले, तेव्हा सुनीतीबाई मला घेऊन मधोमध उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी दूध नासलं ते या रवीमुळे," त्या म्हणाल्या. "आणि रवी घाण राहिली ती माझ्यामुळे. कडूबाई गरम पाणी मागत होती, मी नको म्हटलं. मला ते माहीत होतं आणि तरी मी तुमच्यासमोर तिला कामचुकार म्हटलं. कडूबाई, माझं चुकलं."

बायका कपात बघू लागल्या. एकदोघी म्हणाल्या, "असू द्या हो, होतं असं." कडूबाईनं कपाला हात लावला नव्हता. तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली.

"बाई, रोहिणीताई कुटं हायेत?"

"तिला काम होतं म्हणाली."

"माजं काम तर त्यांच्याकडंच गेलं," कडूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "ह्यांना सांगून काय हुतंय? ह्यांच्याकडं मी कुटं जाते?"

सुनीतीबाईंनी चपला घातल्या. मला हातातच धरलं आणि जिना चढायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर जात नाहीत. प्रत्येक पायरीला कठड्याचा आधार घेत त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. मागे कडूबाई, तिच्यामागे यामिनी. रोहिणीताईंनी दार उघडलं आणि तिघींना पाहून गोंधळल्या. "अहो, आत या ना. दारात काय?"

"नाही, दारातच सांगते," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि धाप लागली होती तरी सगळं पुन्हा सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आपण ऐकूनही गप्प राहिल्याचं यामिनीनंही सांगितलं.

रोहिणीताईंनी मला हातात घेऊन माझ्या खाचा निरखल्या. मग म्हणाल्या, "कडूबाई, उद्यापासून ये गं."

"उद्या न्हाई जमायचं," कडूबाई म्हणाली. "उद्या ज्योतीच्या शाळेत जायाचंय, शाळा सोडल्याचा दाखला मागितला हुता, त्यो काडू नका म्हनून सांगाया. परवापासून येते."

उतरताना सुनीतीबाईंनी तिला विचारलं, "आणि आमच्याकडे?"

कडूबाई दोन पायऱ्या उतरली. "तुमच्याकडचं बघू," म्हणाली.

याला दीड महिना झाला. आता मला रोज गरम पाणी मिळतं आणि ऊनही मिळतं. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल तर तिच्या खाचा नीट धुवा, एवढं माझं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. कुणावर खोटा आळ येत असेल आणि खरं तुम्हाला माहीत असेल, तर त्याच वेळी बोला, सगळे ऐकत असतानाच बोला. मी लाकडाची आहे, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं. कडूबाई रोज सकाळी आमच्या दारावरून तिसऱ्या मजल्यावर जाते. तिची पावलं ऐकू आली की सुनीतीबाई हातातलं काम थांबवतात. आमच्याकडे ती अजून आलेली नाही.