पदरात पडलेला हत्ती

मी एक जुना शिसवी हत्ती आहे, मित्रांनो. म्हैसूरच्या एका कारागिरानं ओंडका तासून मला घडवलं आणि पाठीवर पांढऱ्या वेली जडवल्या. काम करताना तो म्हणायचा, दसऱ्याला हा कुणाच्या तरी घरी गोंब्यांच्या, म्हणजे बाहुल्यांच्या पायऱ्यांवर मिरवणार. झालं! तेव्हापासून दुकानात माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मला विकत घेतलं तिरुमलरावांनी. ते कारखान्यांना कापड पुरवायचे. नवरात्रात त्यांची बायको कृष्णवेणी मला घेऊन शामसुंदररावांच्या घरी गेली. त्यांच्या बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, कुंकू लावून तिनं मला त्यांच्या पदरात घातलं. "सुम्ने हो, सहजच, सणाचं म्हणून," म्हणाली. सवाष्णीनं पदरात घातलेलं नको कसं म्हणायचं? अन्नपूर्णाबाईंच्या साऱ्या गोंब्या मातीच्या, नाकं उडालेल्या. त्यांनी मला सगळ्यांत वर बसवलं. काय सांगू, मी फुगून गेलो.

शामसुंदरराव येलवालच्या रस्त्यावरच्या एका कारखान्यात कामाला होते. कामगारांच्या गणवेशाचं कापड तपासून ते पास करायचे. घराणं रंगाऱ्यांचं, तेव्हा रंग कच्चा की पक्का हे त्यांना लगेच कळे. मागे एका व्यापाऱ्याच्या कापडानं घामात रंग सोडला आणि कामगारांच्या पाठी खाजवून सोलवटल्या. तेव्हापासून कच्च्या रंगाचे गठ्ठे ते उभ्या उभ्या परत धाडत.

मी आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी तिरुमलरावांच्या कापडाचा तुकडा घरी आणला आणि बादलीत बुडवला. पाणी निळं झालं. म्हणाले, पाणी फार ऊन असेल. गार पाण्यात बुडवला, तेही निळं. मग साबणाला दोष दिला. मग शेजारच्या विहिरीचं पाणी आणलं. तिरुमलरावांनी तोंडानं काही मागितलं नव्हतं हो, एक अक्षर नाही! पण शामसुंदरराव माझ्याकडे चोरून बघत, उठत, दारापर्यंत जाऊन परत येत. पानातला भात निवून जाई. मला वाटे, करा ना बाबा एकदाचं पास! मला त्याच घरात राहायचं होतं.

शेवटी अन्नपूर्णाबाईंनीच तो तुकडा पिळून दोरीवर टाकला.

"अहो, हे दुसऱ्या कुणाचं असतं, तर इतक्यांदा धुतलं असतंत?"

त्यांनी निळं पाणी मोरीत ओतून दिलं. म्हणाले, उद्या गठ्ठे परत पाठवतो. पण हत्ती कसा परत करायचा, कुंकवाचा अपमान होईल. त्या म्हणाल्या, "परत करता येत नाही. पण सवाष्णीला देता येतं की."

दुसऱ्या दिवशी गठ्ठे गेले. संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी माझ्या कपाळाला बोट टेकवलं, मला कृष्णवेणीच्या घरी नेलं आणि तिला कुंकू लावून तिच्या पदरात घातलं. तिचा चेहरा उतरला. "मी स्वतः निवडला होता, अक्का. ह्यांच्या मनात काय होतं, मला खरंच माहीत नव्हतं." त्या दोघी पुन्हा एकमेकींकडे गेल्या नाहीत. ह्याचं मला फार वाईट वाटतं.

तिरुमलराव थोडेच थांबणार! त्यांनी मला नजरबाद भागातल्या, कापड पास करणाऱ्या दुसऱ्या एका साहेबांकडे धाडलं. तिथं मी राहिलो, कापडही पास झालं. त्या साहेबांनी मला त्यांच्या वरच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात दिलं, तिथून आणखी कुठे कुठे. कुठंच मला पायरीवर बसवलं नाही. कपाटावर ठेवायचे, तोंड भिंतीकडे. काम झाल्यावर मला बघणं कुणालाच नको असे.

आज पुन्हा माझ्यावरची धूळ झटकली आहे आणि रंगीत कागद आणला आहे. कुणाकडे जायचं, मला सांगितलेलं नाही. मित्रांनो, ते घर तुमचं असेल, तर माझ्या पाठीवरून हवा तेवढा हात फिरवा. पण आईबाबांना विचारा, हा हत्ती देणाऱ्या माणसाचं कुठलं काम तुमच्या हातात आहे? आणि ते गप्प झाले, तर मला ठेवून घेऊ नका.