दाराशेजारची कोरी जागा

मी एक जुना पुठ्ठा आहे. मधोमध आयताकृती भोक आहे, आणि त्यातून बघणं एवढाच माझा उपयोग. मित्रांनो, ज्याच्या पोटातच भोक आहे त्याने बढाया मारू नयेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

माझा जन्म बुटांच्या खोक्यातून झाला. बूट पोस्टमनकाकांचे. त्यांच्या बायकोने, म्हणजे चित्रकलेच्या बाईंनी, खोक्याच्या झाकणातून मला कापलं. वर्गात मुलं मला डोळ्यांपुढे धरून काय काढायचं आणि काय सोडायचं ते ठरवत. सगळ्यांची खोड एकच. समोर ठेवलेली सुरई बरोबर मध्यभागी काढायची आणि मार्क जातील या भीतीने उरलेला कागद ढग, पक्षी, फुलं यांनी गच्च भरायचा. बाई मला जरा उजवीकडे सरकवत. मग सुरई एका बाजूला जाई, दुसऱ्या बाजूला तिची लांब सावली येई आणि चित्राचा तोल साधे.

"कोरी जागा म्हणजे अर्धवट काम नव्हे रे," बाई म्हणत. "ती ठरवून ठेवावी लागते."

तेव्हा मी भलताच भाव खात असे. मुलं माझ्यासाठी भांडत.

मग पोस्टमनकाका गेले. दोन आठवड्यांनी बाई शाळेत आल्या. "सगळा कागद भरून टाका," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसून राहिल्या. मी त्यांच्या पिशवीतून घरी आलो आणि वर्षभर खुंटीला लटकलो. वाईट वाटलं का? नाही. काहीच वाटलं नाही. बाईंचंही तसंच असावं. त्या भाजी चिरत, वह्या तपासत, दिवा घालवून झोपत. रडल्या नाहीत.

खुंटीसमोर दार होतं. दाराशेजारी काकांचे बूट असायचे. ते कुणाला तरी देऊन टाकले होते. तिथे बाईंची नजर जाऊ नये म्हणून त्यांची नणंद दर रविवारी काहीतरी आणून ठेवायची. आधी कुंडी, मग छत्र्यांचा डबा, मग स्टूल. बिचारीचा जीव तुटायचा.

एका रविवारी ती आणखी एक कुंडी घेऊन आली. "ही कुठे ठेवू, वहिनी?"

बाईंनी सवयीने मला खुंटीवरून काढलं आणि डोळ्यासमोर धरलं. माझ्या चौकोनात नजर ठरायला जागाच नव्हती.

"हे सगळं उचल गं."

"अगं वहिनी, खायला उठेल ती जागा!"

"उठू दे."

नणंदेने सगळं उचललं. फरशीवर पॉलिशचे दोन काळपट डाग निघाले. काका रोज सकाळी तिथेच बूट घासत. बाईंनी मला सरकवत सरकवत ते डाग एका कोपऱ्यात आणले. उरली नुसती फरशी. मग त्यांनी वर्षभरात पहिल्यांदा पेन्सिल हातात घेतली. ते डाग रेखाटले आणि बाकीचा कागद तसाच ठेवला. नणंद रडली. बाई रडल्या नाहीत, पण कितीतरी वेळ त्या कागदाकडे बघत बसल्या.

मित्रांनो, माझ्या कडा आता झिजल्या आहेत. मला जपा असं म्हणत नाही, पुठ्ठा दुसराही मिळेल. पण कुणाच्या घरात अशी जागा दिसली, तर ती भरायची घाई करू नका. नणंद अजूनही दर रविवारी येते. हल्ली ती चपला बाहेर पायरीवरच काढते.