नेर्मिनची गुलाबी वडी

"अक्का, माझ्या पेटीतली वडी मला नको. मला गुलाबी पाहिजे."

माझी जाऊ नेर्मिन हे म्हणाली तेव्हा मी अंगणात देफ्नेच्या झाडाची काळी फळं उकळत होते. धुरानं डोळे चुरचुरत होते, वरचं हिरवं तेल पळीनं काढायचं होतं, आणि हिचं आपलं भलतंच.

"गुलाबी? का, लग्नाला उभी राहतेस का काय?"

बोलून गेले आणि माझंच तोंड मला नकोसं झालं. वडी कशाची ते मला ठाऊक होतं. आमच्या गावात प्रत्येक बाई पेटीच्या तळाशी साबणाची एक वडी फडक्यात बांधून ठेवते. शेवटच्या आंघोळीची. सून घरात आली की सासू पहिल्याच वर्षी आपल्या कढईतली एक काढून देते. देफ्नेच्या तेलाची, हिरवी, साधी. रंग नाही, वास नाही. ती वाळून वाळून दगड होते आणि कुणी तिचं नाव काढत नाही. नेर्मिनलाही आमच्या सासूबाईंनी दिली होती, मला दिली तशीच.

आणि आठवड्यापूर्वी तिला अंताक्या शहरातल्या इस्पितळातून घरी पाठवलं होतं. डॉक्टर आदिलला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या धाकट्या दिराला, म्हणाला, "घरी न्या, आवडेल ते खायला घाला." असं डॉक्टर कधी म्हणतात ते शेंबड्या पोरालाही कळतं. फार तर थंडी संपून बदाम फुलेपर्यंत, असं आदिल मला गोठ्यामागे नेऊन म्हणाला आणि भिंतीला डोकं लावून रडला. मला वाटलं नेर्मिनला माहीत नाही. कसलं काय! तिला आमच्या आधी कळलं होतं.

"लग्नालाच समज," ती हसून म्हणाली. "तेव्हा राहिलं ते."

तिचं लग्न म्हणजे काय, आदिलबरोबर पळून आली होती ती. खालच्या समुद्रकाठच्या गावातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. नवरीची आंघोळ नाही, गाणी नाहीत, मेंदी नाही. तिच्या मोठ्या बहिणीची झाली होती ती आंघोळ तिनं लहानपणी पाहिली होती. शहरातून गुलाबी साबण आणला होता. बायका गात होत्या आणि बहिणीच्या हातात तो साबण. एवढंच तिच्या लक्षात राहिलं होतं, आणि ते तिनं मला आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही सांगितलं नव्हतं.

"मग आदिलला सांग, दुकानातून आणेल."

"दुकानातला नको. आपल्या कढईतला पाहिजे. तुझ्या हातचा."

माझ्या हातचा म्हटल्यावर मी कामालाच लागले.

पहिल्यांदा गुलाबच घेतले. वाळवून ठेवलेल्या पाकळ्या होत्या, सरबतासाठी. छोट्या पातेल्यात जैतुनाचं तेल तापवलं, कॉस्टिक सोड्याचं पाणी ओतलं, ढवळून घट्ट झाल्यावर पाकळ्या घातल्या. सकाळी बघते तर शेणी! शेणीच म्हणायच्या, दुसरा शब्द नाही. कॉस्टिक पाकळ्या जाळून टाकतं. मला हे माहीत होतं का? नव्हतं. आमच्याकडे साबणात रंग घालतंच कोण!

मग डाळिंबाची साल. ती पिवळट पडली. मग बीट. ताटलीत काय सुंदर दिसत होतं, पण कढईत दोन वेळा ढवळलं नाही तोवर मातकट. मग हळद. हळद कॉस्टिकमध्ये पडल्या पडल्या लालबुंद झाली आणि नेर्मिन बसल्या जागी टाळ्या पिटायला लागली. मीही हुरळले. दुसऱ्या दिवशी वडी विटकरी, तिसऱ्या दिवशी कावीळ झाल्यासारखी.

"ही आपल्या मुखियाच्या नाकासारखी झालीय बघ," मी म्हटलं.

नेर्मिन इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली आणि मी तिची पाठ चोळत बसले. पाठ कसली, नुसती हाडं लागत होती हाताला.

वासाचंही तेच. गुलाबपाणी घातलं, उडून गेलं. कडू संत्र्याची साल किसून घातली, चार दिवस वास राहिला आणि गेला. मी म्हटलं, "देफ्नेचं तेल घालू दे मला. देफ्नेशिवाय साबण म्हणजे मिठाशिवाय भाकरी."

"ते हिरवं असतं अक्का. सगळं हिरवं होईल."

"मग मर, गुलाबीच्या मागे लाग!"

मी रागावून असं बोलायची, जन्मभर बोलत आले. ती म्हणाली, "तेच तर करतेय," आणि पुढच्या वडीच्या साच्यात अंथरायला चिंध्या कापायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

थंडी सरत आली तरी हाती काही लागलं नव्हतं. एक दिवस ऊन होतं म्हणून तिला अंगणात आणून बसवलं आणि पायांवर सासूबाईंच्या वेळची पडशी टाकली, गाढवाच्या पाठीवर टाकायचो ती. नेर्मिन तिच्यावरच्या लाल पट्ट्यावरून बोट फिरवत बसली.

"अक्का, ही आपण दर वर्षी ओढ्यावर धुतो ना? साबण लावून?"

"मग? न धुता वापरायची का?"

"पांढरी लोकर पिवळी झाली, काळी भुरकी झाली. हा लाल तसाच आहे. इतकी वर्षं साबण खातोय आणि मरत नाही. हा कशानं रंगवलाय?"

मी कढई हातातून खाली ठेवली. मंजिष्ठ! बांधाच्या दगडांतून वेल येतो, कपड्यांना चिकटतो, शिव्या देऊन उपटून टाकतो आपण. त्याच्या मुळांनी सासूबाई लोकर रंगवायच्या. मी कुदळ घेतली आणि तशीच गेले. मुळं वाळवली, कुटली, कॉस्टिकच्या पाण्यातच पूड घातली. ते पाणी जांभळं झालं आणि मला वाटलं, झालं, हेही गेलं. पण तेलात ओतून ढवळत राहिले तसा रंग उतरत गेला आणि पातेल्यात गुलाबी राहिला. दुकानातल्यासारखा भडक नाही. लहान मुलाच्या टाचेसारखा.

"हाच," नेर्मिन म्हणाली. "हाच गं अक्का."

वासासाठी तिनं मर्सिनच्या झुडपाची पानं मागितली. मी साफ नाही म्हटलं. मर्सिनच्या फांद्या आम्ही कबरींवर ठेवतो, सणावाराला जाऊन. घरात साबणाला तो वास? पण मी गोठ्यात गेले असताना तिनं आदिलकरवी पानं आणवली, तेलात उकळली आणि मोठी कढई चढवायला लावली. मी परत आले तेव्हा ती भिंतीला टेकून काठीनं ढवळत होती, आणि कॉस्टिकचा डबा शेजारी उघडा होता, बराच रिकामा.

"किती घातलंस?"

ती काठी फिरवतच राहिली.

"नेर्मिन, किती घातलंस?"

"थोडं जास्त. जास्त घातलं की वडी लवकर कडक होते ना? सासूबाई सांगायच्या."

कडक होते. पण चावतेही. कच्चा साबण हाताला चावतो, सालटं काढतो, म्हणून तर तो उन्हाळाभर माळ्यावर वाळत ठेवायचा. जास्त कॉस्टिकचा तर आणखीच. चांगला साबण बदाम फुलायच्या आत तयार होत नाही आणि तिला त्याच्या आत हवा होता. मी काठी घेतली आणि ढवळायला लागले. मर्सिनचा वास सगळ्या अंगणात भरला.

वड्या कापून खिडकीत ठेवल्या, तिच्या अंथरुणाजवळ. वरती पांढरी बुरशीसारखी पूड चढली, ती पुसली की खाली गुलाबी. साबण झाला की नाही ते आमच्याकडे जिभेनं बघतात. वडीला जिभेचं टोक लावायचं. झटका बसला तर चावतोय, अजून वेळ आहे. नुसता साबण लागला तर तयार. नेर्मिन रोज सकाळी जीभ लावायची आणि तोंड वाकडं करायची.

"अजून चावतोय."

"चावू दे. एवढी घाई काय आहे?"

"तुला नसेल. मला आहे."

मी मागच्या वर्षीचा, पिकलेला साबण दाखवून तिला म्हटलं, "हा घे ना, हा कसा गोड झालाय." तिनं मान फिरवली. एकदा मी चिडून विचारलं, "आणि नाहीच झाला तर?" ती म्हणाली, "कच्च्या साबणानं तू मला हात लावणार नाहीस, अक्का. तुला मी ओळखते. तू म्हणशील, असलं लावून पोरीची कातडी जाळू का? आणि तू ती हिरवी वडी काढशील." खरं होतं ते. मी तेच केलं असतं.

मग तिचं खाणं सुटलं. सूप दिलं तर म्हणायची मीठ नाही, मीठ घातलं तर म्हणायची नाहीच. लिंबू चाटवलं, तरी चेहऱ्यावर सुरकुती नाही. तोंडाची चवच गेली होती. आदिल बाहेर जाऊन बसायचा. बदामांवर कळ्या आल्या होत्या.

एका सकाळी मी चूल पेटवत होते तेव्हा तिनं हाक मारली. आवाजात किती दिवसांनी जीव होता.

"अक्का! अगं ये ना! नाही चावत!"

मी धावत गेले. तिच्या हातात वडी होती, ओठ ओले होते. "बघ तू. मी म्हटलं नव्हतं? झाला!"

मी वडी घेतली आणि जीभ लावली. असा झटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. मिरची परवडली. जीभ दाताखाली धरून मी उभी राहिले. ती माझ्याकडे बघत होती, लहान पोरीसारखी.

"झाला का?"

"झाला," मी म्हटलं. "छान झालाय. नाही चावत."

"मग डोळ्यांत पाणी का तुझ्या?"

"तुझ्या मर्सिनचा वास जातोय नाकात. भवाने, सांगितलं होतं ना नको म्हणून?"

ती हसली. वडी तिनं स्वतः फडक्यात बांधली, गाठ मारायला तेवढी माझी मदत घेतली, आणि उशाखाली ठेवली.

बदाम पुरते फुलले नव्हते तेव्हा ती गेली. दुपारी, आदिल तिला पाणी पाजत असताना.

गावातल्या बायकांना न्हाऊ घालायला सुहेला आत्या येते. अंगणात चादरी बांधल्या, पाणी तापवलं. मी उशाखालची वडी आणून दिली. आत्यानं फडकं सोडलं, गुलाबी बघून कपाळाला आठ्या घातल्या, पण पाण्यात हात बुडवून चोळायला लागली आणि लगेच हात मागे घेतला.

"अगं वेस्फिये, हा कच्चा आहे! चावतोय! हिच्या पेटीतली जुनी आण."

"नाही. ह्यानंच आंघोळ घालायची."

"वेड लागलं का तुला? सालटं निघतील."

"कुणाची? तिला आता काय चावणार आहे?" माझा आवाज चढला. "तिला सांगितलंय मी, तयार आहे म्हणून. तुम्ही पाणी घाला आत्या. मी चोळते."

मीच न्हाऊ घातलं. केस, मान, हात, पाय. वडी गुलाबी होती तरी फेस पांढराच आला. आधी हात चुरचुरले, मग आग व्हायला लागली, नखांच्या कडांना भडका उडाला. मी थांबले नाही. केस धुऊन विंचरून दोन वेण्या घातल्या, नवरीच्या घालतात तशा. सुहेला आत्यानं त्या वेण्या बघितल्या. मग तिनंच हळू आवाजात गाणं धरलं, आंघोळीचं, नवरीचं, आणि चादरीबाहेरच्या बायका एकेक करून त्यात सूर मिसळू लागल्या.

माझे हात लाल होऊन फुटले. लोक भेटायला यायचे, हात बघून म्हणायचे, जैतुनाचं तेल लाव. लावलं नाही. भाकरी थापताना पीठ भेगांत जायचं. ती आग होत होती तोवर मला बरं वाटत होतं. हातांच्या भेगा भरून आल्या तेव्हा मी खरी रडले.

उरलेल्या वड्या खिडकीतच होत्या. हात लावायचं मनात आलं नाही कुणाच्या. उन्हाळ्यात, जर्दाळू उतरवायच्या दिवसांत, मी त्या खोलीत झाडायला गेले. वड्या आकसल्या होत्या, कडा सोनेरी झाल्या होत्या. पूड पुसली. आत तोच रंग.

एक उचलली आणि जीभ लावली. थांबले. परत लावली. काही नाही. नुसता साबण, आणि मागून मर्सिनचा थोडासा वास.

"आत्ता होय रे?" मी ओरडले. "आत्ता तयार झालास, मेल्या? आत्ता?"

आदिल धावत दारात आला. "काय झालं वहिनी?"

मी खिडकीखाली, जिथे तिचं अंथरूण असायचं तिथे, बसले होते. वडी हातात होती.

"काही नाही रे," मी म्हटलं. "साबण झालाय. एक तुझ्या पेटीत ठेव, एक माझ्या."