नावानिशी स्वागत

धाकटीचा फोन आला तेव्हा थोरली वाचनालयाच्या संगणक-खोलीत जेवणाचा डबा उघडत होती.

"ताई, मला कुणीतरी लिंक पाठवलीये. विणकामाचे नमुने आहेत म्हणे. उघडू का गं?"

"हात लावू नकोस. आधी वाचनालयाच्या साइटवरून लॉग-आउट कर, आणि लिंक मला पाठव."

धाकटीला विणकामाचं वेड आहे हे मोजक्याच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक तिचा नवरा. चार महिन्यांपूर्वी त्याच्या मारहाणीला कंटाळून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली होती. नवा पत्ता फक्त थोरलीकडे होता आणि वाचनालयाकडे, कारण पुस्तकं घरपोच यायची. नवरा कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. डोकं चालायचं त्याचं, पण नको तिथं.

थोरलीनं ते पान न चालवता आतला कोड नुसता वाचला. नमुने सुंदर होते. तळाला मात्र एक ओळ वाचनालयाची स्क्रिप्ट, म्हणजे साइटचं पान चालवणारा छोटा प्रोग्राम, मागवत होती, आणि ती पाहून थोरलीच्या हातातला घास हातातच राहिला. ती स्क्रिप्ट तिनंच सहा वर्षांपूर्वी लिहिली होती. साहेबांनी त्याबद्दल तिचा सत्कारसुद्धा केला होता!

वाचक साइटवर आला की सर्व्हर खास त्याच्यासाठी ताजी स्क्रिप्ट बनवायचा. आत नाव, पत्ता, घेतलेलं पुस्तक. मग पान त्याचं नावानिशी स्वागत करायचं, आणि वाचक खूश. पण दुसऱ्या साइटवरचं कुठलंही परकं पानसुद्धा ही स्क्रिप्ट मागवू शकतं, आणि वाचक लॉग-इन असला की ब्राउझर त्याची ओळख आपणहून सोबत देतो. धाकटीनं नमुने उघडले असते, तर पत्ता थेट नवऱ्याच्या हाती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार? थोरलीला स्वतःची भयंकर चीड आली. डबा तसाच ठेवून ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"साहेब, साइट आत्ता बंद करायची."

"अहो, उद्या नव्या शाखेचं उद्घाटन! वाचक बोंब मारतील."

"मारू देत."

"सहा वर्षांत काही झालं का?"

थोरलीनं वाद घातला नाही. दहा मिनिटांत तिनं फुलाच्या फोटोचं एक पान बनवलं आणि वाचनालयाच्या साइटवर लॉग-इन असलेल्या साहेबांना ते त्यांच्या फोनवर उघडायला लावलं. फूल दिसलं. फुलाखाली साहेबांचं नाव, इमारत, मजला, आणि त्याखाली त्यांनी नेलेलं पुस्तक, केस गळण्यावरच्या उपायांचं. साहेबांचा हात आपसूक टकलाकडे गेला.

"हे... कुणी लिहिलंय हे?"

"मी. आणि मीच काढणार."

उद्घाटन बंद साइटच्या साक्षीनंच पार पडलं. साहेब तीन दिवस धड बोलले नाहीत. तिनं स्क्रिप्ट सगळ्यांसाठी एकच केली, आत कुणाचंही नाव नसलेली. वाचकाची माहिती वेगळी ठेवली, वाचनालयाच्या स्वतःच्या पानांनाच मिळेल अशी. ते कौतुकाचं स्वागत तर तिनं मुळापासून उपटलं.

चौथ्या दिवशी धाकटीचा फोन आला.

"ताई, ती साइट आता मला नावानं बोलवतच नाही गं. नुसतं 'नमस्कार, वाचक'. अगदी परकं वाटतं."

"वाटू दे. पुस्तक आलं का दारात?"

"आलं की."

"आणि दुसरं कुणी?"

"कुणी नाही."

"मग झालं तर," थोरली म्हणाली, आणि डबा उघडून जेवायला बसली.