मधली वीस मिनिटं

"आबा, मी हितंच बसते. पाठीमागं."

प्रियदर्शनी पाचवीच्या वर्गात शेवटच्या बस्करावर मांडी घालून बसली, तेव्हा ज्ञानदेव गुरुजींच्या हातातला खडू मोडला. सोळा वर्षांची त्यांची मुलगी, आणि पुढ्यात पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक. पोरं मागं वळून खुदूखुदू हसायला लागली.

अठ्ठ्याण्णवच्या जूनमध्ये दहावीचा निकाल लागला होता. प्रियदर्शनीला गणितात एकाहत्तर, इंग्रजीत सतरा. तिला बारामतीला नर्सिंगला जायचं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेत इंग्रजी सुटलं तर बारामती, नाहीतर दिवाळीनंतर वरकुट्याच्या पाहुण्यांकडं सून म्हणून जायचं, असं तिच्या आईनं, करुणानं, सरळ सांगून टाकलं होतं.

"माझा पायाच कच्चा हाय," सकाळी भाकरी थापता थापता पोर म्हणाली होती. "पाचवीपास्नं परत करते. तुमी शिकवताच की." गुरुजींनी हातातला घास ताटात ठेवला. तो पाया त्यांनीच घातला होता. पाचवी, सहावी, सातवी, तिन्ही वर्षं.

खरं सांगायचं तर ज्ञानदेव गुरुजींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांच्या वेळी इंग्रजी सोडून मॅट्रिक होता यायचं, आणि त्यांनी ते आनंदानं सोडलं होतं. गणित मात्र असं शिकवायचे की ऐकत राहावं. पण शाळेत शिक्षक तीन. इंग्रजी कुणाच्या तरी गळ्यात पडायचंच, ते यांच्या पडलं. मग बारामतीला पाच दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या बाईंनी तासाची सुरुवात कशी करायची नि शेवट कसा, ते नाचून-गाऊन दाखवलं. पहिली दहा मिनिटं वॉर्मअप: स्टँड अप, सिट डाउन, टच युवर नोज. शेवटची पाच मिनिटं गुरुजींनी दारात उभं राहायचं, एकेका मुलानं एक इंग्रजी शब्द सांगायचा नि बाहेर पडायचं. "मधल्या वीस मिनिटांचं दुसऱ्या टप्प्यात बघू," असं म्हणून बाईंनी चहा मागवला. दुसरा टप्पा काही आला नाही. सरकारी कामात पहिला आला हेच नशीब म्हणायचं.

मग गुरुजींनी सुरुवात लांबवली, शेवट अलीकडं ओढला, नि मधलं भगदाड बुजवून टाकलं. पोरं खूश. साहेब तपासणीला आले ते 'स्तुत्य उपक्रम' असा शेरा मारून गेले. आसपासच्या शाळांतले गुरुजी हा तास बघायला सायकली मारत आले. इतकं कौतुक झाल्यावर, मला हे येत नाही म्हणून सांगायची हिंमत कुणाला होते?

"स्टँड अप," गुरुजी म्हणाले.

एकतीस पोरं उठली. मागं प्रियदर्शनीही उठली. नाक, कान, गुडघा. एकदाही चुकली नाही. निकालानंतर आज पहिल्यांदा ती हसत होती, आणि ते हसणं गुरुजींना बघवेना. दहा मिनिटं झाली. त्यांनी प्राण्यांचे आवाज घेतले. पंधरा झाली. रंग घेतले. प्रियदर्शनी खाली बसली, पुस्तक उघडलं, पेन्सिलीला टोक केलं आणि वाट बघायला लागली.

गुरुजींनी टेबलावरचं पुस्तक उचललं. चित्राखाली आठ ओळी होत्या. अक्षरं सगळी ओळखीची, पण एकत्र आली की परगावचं वऱ्हाड. त्यांनी पुस्तक मिटलं.

"चला, दारात या," ते एकदम म्हणाले.

"कॅट." "रेड." "डॉग." एकेक पोर शब्द टाकून पळालं. वर्ग रिकामा झाला. तास संपायला अजून दहा मिनिटं होती.

"आबा, धडा राह्यला की."

"व्हय."

"उद्या घ्याल?"

गुरुजी तिच्यासमोर बस्करावर येऊन बसले. "उद्या बी न्हाय. मला येत न्हाय, प्रिया. मला कवाच आलं न्हाय."

तिनं पेन्सिल पुस्तकात ठेवली. बाहेर पोरांचा दंगा चालला होता.

"मंग मी तीन वरसं काय शिकले?"

गुरुजी बस्कराचा सुटलेला दोरा ओढायला लागले.

"हायस्कुलात बाकीच्या पोरी धडा वाचायच्या, मी नुसती उभी राह्यची," ती हळूच म्हणाली. "सर म्हणायचे, गुरुजीची पोर आन असली. तुमाला वाईट वाटंल म्हून घरी सांगितलं न्हाय. मला वाटायचं, माझंच डोकं न्हाय."

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"इंदापुरात शिकवणी लावू," ते म्हणाले. "मी रोज सायकलवर सोडतो."

"परीक्षेला दोनच म्हयने हायती, आबा." आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं. पदर सावरावा तशी ओढणी सावरून ती उठली, दारात चपला घातल्या नि मागं न बघता रस्त्याला लागली.

घंटा झाली. सातवीची पोरं आत आली आणि कुणी न सांगता रांगेत उभी राहिली, हात वर करून.

"खाली बसा," गुरुजी म्हणाले. "पुस्तकं काढा."

कुणी हललं नाही. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी पुढच्या रांगेतली नकोशी नावाची पोरगी चाचरत म्हणाली, "गुरुजी, इंग्रजीच्या तासाला पुस्तक आणा म्हून तुमी कवा सांगितलंच न्हाय."

"खरं हाय," गुरुजी म्हणाले. ते पाठमोरे झाले, डस्टर उचललं आणि फळा पुसायला लागले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.