वरची तार

दत्तोपंतांच्या क्लासात एक रीत होती. शिष्याचं वाद्य गुरूने लावायचं. परभणीच्या नानलपेठेत, वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत व्हायोलिन शिकायला येणाऱ्याने पेटी उघडून वाद्य आधी त्यांच्या हातात द्यायचं. ते तानपुऱ्याचं यंत्र सुरू करत, वाद्य डाव्या खांद्याशी टेकवत, एकेक खुंटी पिळून चारही तारा सुरात आणत आणि मग वाद्य परत करत. त्यानंतर शिष्याने खुंटीला हात लावायचा नाही. ते स्वतः हैदराबादला शिकले, तिथेही असंच होतं.

शाळेतल्या संगीतशिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे बरीच मुलं येत. हळूहळू ती कीबोर्ड आणि गिटारकडे गेली. राहिली एकटी भक्ती.

भक्ती पेडगावची. वडील आश्रुबा शेती करत आणि गावच्या भजनात मृदंग वाजवत. शाळेत असताना तिने एका कार्यक्रमात दत्तोपंतांचं व्हायोलिन ऐकलं आणि घरी येऊन हट्ट धरला. आता ती बी.ए.ला होती. दर रविवारी काळी पेटी मांडीवर घेऊन एसटीने परभणीला यायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता.

"काय गं, ह्याच्यात शिलाई मशीन हाय का?"

"व्हायोलिन हाय, काका."

"वाजवतीस का नुसतंच फिरवायलीस?"

पहिला महिनाभर दत्तोपंतांनी तिला सूर काढू दिला नव्हता. नुसता गज धरून कोपर हलवायचं. प्रत्येक तारेला कोपराची उंची वेगळी असते. सगळ्यात जाड तारेला कोपर उंच, आणि सगळ्यात बारीक, वरच्या सुराच्या तारेला ते फासळीपर्यंत खाली. "मी कानात बोळे घालून बसलो तरी तू कुठल्या तारेवर आहेस ते मला कळलं पाहिजे," ते म्हणत. पुढे सूर आले, राग आले, पण दाद कधी आली नाही. चुकलं की ते म्हणत, "पुन्हा." बरोबर आलं की गप्प बसत. त्यांचं गप्प बसणं भक्ती आठवडाभर पुरवून वापरायची.

वरच्या तारेचं तिच्या लक्षात आलं ते घरी, रियाज करताना. रविवारी सरांनी लावून दिलेलं वाद्य सोमवारी पहाटे फोनवरच्या तानपुऱ्याशी धरलं की खालच्या तीन तारा नेमक्या असायच्या आणि वरची किंचित चढलेली. आधी तिने दोष बसच्या उन्हाला दिला. पण उन्हाने तार सैल पडते, म्हणजे सूर उतरतो, चढत नाही. हे तिला सरांनीच शिकवलं होतं. मग तिने दोष स्वतःच्या कानाला दिला. सरांनी लावली म्हणजे लागलेली असणार. काही महिने ती चढलेल्या तारेवरच वाजवत राहिली आणि आपला कान तयार व्हायची वाट पाहत राहिली.

नंतर सर स्वतः वाजवायचे तेव्हाही तिला तेच ऐकू येऊ लागलं. मंद्रातला त्यांचा सूर पूर्वीसारखाच असायचा. वर गेले की बोट केसभर पुढे पडायचं. ते डोळे मिटून, समाधानाने वाजवत असायचे.

हिवाळ्यात तिची विशारदची परीक्षा झाली. केंद्र दुसऱ्या गावी होतं. दत्तोपंत सोबत आले, व्हरांड्यात बसून त्यांनी वाद्य लावलं, आणि तिच्या हातात देऊन बाहेर लिंबाखाली थांबले. आत परीक्षकांनी तिला आलापातच थांबवलं.

"वरची तार चढली आहे. लावून घ्या."

भक्तीने खुंटीकडे पाहिलं. खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं, आणि खाली सरांची पांढरी टोपी.

"असू द्या, सर."

"असू द्या म्हणजे? कोणी लावून दिली ही?"

"मीच लावली."

परीक्षकांनी पुढे फारसं ऐकलं नाही. प्रात्यक्षिकात ती नापास झाली. निकाल आला तेव्हा दत्तोपंतांनी विचारलं, "कशात गेलीस?"

"लयीत, सर."

"लयीत? तू?" ते तिच्याकडे बघत राहिले. "मग माझंच चुकलं. लयीकडे मी लक्षच दिलं नाही तुझ्या."

त्यानंतर उन्हाळाभर त्यांनी तिच्याकडून लय घोटून घेतली. तबल्याचं यंत्र लावून तीच गत बरोबरीत, दुपटीत, चौपटीत. पुन्हा. पुन्हा. तिची लय कधीच वाईट नव्हती. ती सुधारण्यात दोघांचा उन्हाळा गेला.

घरी आश्रुबांना तिने खरं सांगितलं होतं.

"मग मास्तरला बी सांगून टाक की," ते म्हणाले. "कान गेला म्हणून काय माणूस गेला का?"

"तुमी सांगताव का, बाबा? त्यांच्याजवळ दुसरं काय हाय?"

आश्रुबा मृदंगाच्या चामडी वाद्या आवळत राहिले.

दत्तोपंतांच्या बायकोला, कावेरीकाकूंना, सगळं ठाऊक होतं. एका रविवारी भक्ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली, तेव्हा त्या गॅसपाशी उभ्या होत्या.

"त्यांना म्हटलं होतं, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी खाली भाजी घ्यायला गेले. येऊन बघते तर डाळ कोळसा. हे कुकरशेजारी बसून पेपर वाचतायत. म्हणे, शिट्टी झालीच नाही."

भक्तीने पेला विसळून पालथा घातला.

"तुझ्या तारेचंही तसंच आहे ना?" काकूंनी हळू विचारलं.

"हो."

"डॉक्टरचं नाव काढलं की भांडतात. तू नको बोलूस बाई. रविवार आला की सकाळपासून दाढी करून बसतात. तू येणार म्हणून."

भक्ती सरांना काही बोलली नाही. पण पुढची परीक्षा दिवाळीनंतर होती. तेव्हाही सर सोबत येणार, व्हरांड्यात बसून वाद्य लावणार. तेव्हा काय करायचं, हे तिला सुचत नव्हतं.

त्याआधी गुरुपौर्णिमा आली. शहरातल्या दोन-तीन संगीत क्लासांनी मिळून वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. समोर पेठेतली जाणकार मंडळी, गाणं शिकवणाऱ्या बाई, मुलांचे आईबाप. आश्रुबा धुवट पायजमा घालून मागच्या रांगेत बसले होते. भक्तीने बागेश्री वाजवायचा, असं ठरलं होतं. तबल्यावर नचिकेत, तिच्याच बी.ए.च्या वर्गातला.

दत्तोपंत मंचावर चढले. सगळ्यांसमोर त्यांनी वाद्य खांद्याशी टेकवलं आणि तारा लावायला घेतल्या. पहिल्या तीन तारा झटक्यात लागल्या. चौथीला ते थांबले, डोळे मिटले, खुंटी किंचित पिळली, अजून किंचित पिळली, मान हलवली. तबला ठोकणाऱ्या नचिकेतची हातोडी तिथंच थांबली. त्याने भक्तीकडे पाहिलं. सरांनी तिच्या हातात वाद्य दिलं, तिने वाकून नमस्कार केला, आणि ते समोरच्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसले.

"अगं, वरची बोंबलतीये," नचिकेत ओठ न हलवता म्हणाला. "खुंटी फिरव ना जरा. कोण बघतंय?"

"सगळे बघायलेत."

"मग काय असंच वाजवणार? मला आधी सांग, मी घरी जातो."

"तू ठेका धर."

तिने मंद्रातून सुरुवात केली. जाड तारेवर ती नेहमीपेक्षा जास्त वेळ रेंगाळली. षड्जाच्या तारेवर आली, पंचमाच्या तारेवर आली. वरचा सा घ्यायची वेळ झाली, तेव्हा तिने तो वरच्या मोकळ्या तारेवर घेतला नाही. पंचमाच्याच तारेवर तिसऱ्या बोटाने घेतला. तिथून वर जायचं तर एकाच तारेवर हात स्वतःकडे ओढत न्यावा लागतो. सुरांमधलं अंतर कमी होत जातं, बोटांना जागा उरत नाही. अंतरा तिने तसाच वाजवला, ताना तशाच घेतल्या. सूर थोडा दबका येत होता, पण तानपुऱ्याला चिकटून येत होता. बागेश्रीला तो दबकेपणा शोभला. टाळ्या चांगल्या पडल्या. गाण्याच्या बाई वळून शेजारणीला म्हणाल्या, "काय भारदस्त वाजवलं पोरीनं!"

दत्तोपंतांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपला, माणसं पांगली, पोरं सतरंज्या गुंडाळू लागली, तरी ते खुर्चीतून उठले नाहीत. भक्ती पाया पडायला गेली.

"वाद्य आण," ते म्हणाले.

तिने पेटी उघडून व्हायोलिन दिलं.

"तुझं कोपर एकदाही खाली आलं नाही."

कावेरीकाकू शाल आणि नारळाची पिशवी घेऊन मागे उभ्या होत्या.

"सबंध अंतरा तिसऱ्या तारेवर. असं मी शिकवलेलं नाही."

त्यांनी वाद्य डाव्या खांद्याशी घेतलं, वरची तार नखाने छेडली. मग ते त्यांनी आयुष्यात कधी धरलं नसेल तसं, उजव्या कानाशी नेलं. पुन्हा छेडली. डावीकडे. उजवीकडे. सतरंजी गुंडाळणारी पोरं बघत राहिली.

"दोन वेगळे सूर येतायत," ते म्हणाले.

त्यांनी मान वर करून भक्तीकडे पाहिलं.

"परीक्षेत हेच झालं?"

"हो, सर."

"मग लय?"

"लय बरोबर होती, सर."

"म्हणजे उन्हाळाभर मी..." त्यांनी वाद्य मांडीवर ठेवलं. "आणि तू वाजवत राहिलीस."

"अहो, चला. रिक्षा थांबलीय," काकू म्हणाल्या.

"तुला माहीत होतं?"

"मला काय सूर कळतात?" काकू म्हणाल्या. "डाळ तेवढी कळते."

ते हसतील असं काकूंना वाटलं असावं. ते हसले नाहीत. भक्तीचं वाद्य त्यांनी स्वतःच्या हाताने पेटीत ठेवलं, गज अडकवला, वर पिवळं फडकं पांघरलं.

त्या आठवड्यात ते आपणहून डॉक्टरांकडे गेले. डावा कान बराच गेला होता, उजवाही त्याच वाटेवर होता. वर्षानुवर्षं ज्या बाजूला व्हायोलिन टेकलं, तीच बाजू आधी गेली. कानाचं यंत्र मिळालं. त्याने माणसांचं बोलणं कळू लागलं, कुकरही ऐकू येऊ लागला. व्हायोलिन मात्र पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजतं, असं त्यांनी सांगितलं आणि रविवारसाठी यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

भक्ती नेहमीच्या बसने आली. चटई अंथरलेली होती. सरांनी दाढी केली होती. तिने पेटी उघडली आणि सवयीने वाद्य पुढे केलं.

त्यांनी हात पुढे केला नाही. "तू लाव."

भक्तीने वाद्य खांद्याशी घेतलं. त्यांच्यासमोर तिने पहिल्यांदाच खुंटीला हात लावला. मंद्र पंचम, षड्ज, पंचम. वरच्या तारेला तिने वेळ लावला. दत्तोपंत खिडकीबाहेर पाहत होते. तार सुरात आली तेव्हा तानपुरा आणि ती एक झाली, आणि तिचं लक्ष नकळत त्यांच्या चेहऱ्याकडे गेलं. तिथं काहीच हललं नाही.

"लागली?" त्यांनी विचारलं.

"लागली, सर."

"वाजव मग."

तिने बागेश्रीचा अंतरा घेतला. वरच्या तारेवर जाताना कोपर खाली आलं, आणि तिने पाहिलं की ते कोपराकडेच पाहत आहेत. मोकळा षड्ज स्वच्छ आला. पुढे गंधारावर बोट घसरलं. सूर उतरला, चांगला उतरला. नवख्यालाही कळला असता. भक्तीने गज थांबवला. मान खाली घालून ती त्यांच्या 'पुन्हा'ची वाट पाहत राहिली.

"छान," दत्तोपंत म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांनी हा शब्द तिच्यासाठी कधी वापरला नव्हता. तानपुऱ्याचं यंत्र चालू होतं. भक्तीने बाहीने डोळे पुसले, गज उचलला आणि अंतरा पहिल्यापासून घेतला.