मंगळवारचा मांसभात

"आई, आज तरी मोठेपणा नको," युन्ही फोनवर म्हणाली. "बाई चारला येईल. बाबांची दाढी करू नकोस, घर आवरू नकोस. जसं आहे तसं दिसू दे तिला."

मी मांसाचं रक्त कागदानं टिपत होते. फोन खांदा आणि गालाच्या मध्ये धरला होता. "जसं आहे तसं म्हणजे? परक्या बाईला ओल्या चादरी दाखवू?"

"हो. चादरीच दाखव. त्याच बघायला येतेय ती."

"तुझ्या सासूनं दाखवल्या असत्या का?"

"माझी सासू मरून सात वर्षं झाली, आई. ठेवते मी."

मासळी भरायच्या कारखान्यात तिला दुपारी पाच मिनिटांची सुट्टी मिळते. ती माझ्याशी भांडण्यात गेली.

येणारी बाई सरकारकडून म्हाताऱ्यांची पाहणी करणारी होती. माणूस किती बिघडलाय ते बघून, विचारून ती लिहून नेते आणि त्यावरून मदतीची श्रेणी ठरते. श्रेणी मिळाली तर आमच्या ह्यांना म्हाताऱ्यांच्या केंद्रात न्यायला रोज सकाळी गाडी येणार, संध्याकाळी आणून सोडणार. नाही मिळाली तर युन्ही पहिल्या तारखेपासून नोकरी सोडून घरी बसणार. तिनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. माझं मनगट मोडून नीट बसलेलं नाही, गुडघे गेलेत, आणि सव्वा वर्ष मी सलग दोन तास झोपलेले नाही. हे सगळं मला कळत होतं. तरी फोन ठेवल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर वस्तरा शोधला.

काय सांगू? आमच्या घरी पाहुणा येतो तेव्हा दारातल्या चपलासुद्धा एका रेषेत असतात. मी ह्यांची दाढी केली, पांढरा सदरा चढवला. चादरी धुण्याच्या यंत्रात कोंबल्या. ते रात्री बाहेर पडतात म्हणून दाराला घुंगरू बांधलं होतं, ते सोडलं. कपाटांवर युन्हीनं चिकटवलेल्या चिठ्ठ्या, 'कपडे', 'इथे लघवी नाही', सगळ्या नखानं खरवडून काढल्या. गॅसचं बटण मी काढून ॲप्रनच्या खिशात ठेवत असे. तेही जागेवर बसवलं.

मग मांसाकडे वळले. सणाचं मांस मी आदल्या दिवशी नासपती किसून मुरवते. कामाच्या दिवसाचं निराळं. गाईच्या मांसाचे कागदासारखे काप, सोया सॉस, लसूण, साखर, तिळाचं तेल आणि नासपतीऐवजी अर्धी किवी. किवी मांसाला झटकन मऊ करते. तवा कडक तापवायचा, पाच मिनिटांत मांस होतं. वाटीत गरम भात, वर हे मांस, कांद्याची पात, की साडेसहाला युन्ही आणि तिची दोन पोरं आली तशी जेवायला बसली. जावई जहाजांच्या कारखान्यात, शनिवारीच येतो. आठवड्यातले तीन दिवस आमच्याकडे हाच बेत असतो आणि पोरं वाटी चाटून ठेवतात.

बाई चारला आली. आडनाव ग्वाक. वय युन्हीएवढंच, मोजे फाटके. मला बरं वाटलं, आपण वरचढ आहोत असं.

"आजोबा, आता ऋतू कोणता चाललाय?"

ह्यांनी खिडकीबाहेर मान वळवली. "झाडं पिवळी झाली आहेत. तुम्हाला दिसत नाहीत का?"

"दिसतात की! काम काय करायचात?"

"मोक्पोच्या बंदरावर क्रेन. एकतीस वर्षं. एक पेटी पडली नाही माझ्या हातून."

आवाज असा खणखणीत, की मीच चमकून पाहिलं. सकाळी ह्याच माणसानं मला विचारलं होतं, बाई, तुम्ही कुणाकडच्या?

"आणि यांचं नाव काय?" ग्वाकबाईनं माझ्याकडे बोट केलं.

ते माझ्याकडे बघत राहिले. मला दिसत होतं की डोळ्यांमागे काही नाही, रिकामं गोदाम आहे. मग हसून म्हणाले, "नाव कोण घेतो? आमच्यात बायकोला नावानं हाक मारत नाहीत. लेकीची आई म्हणायचं."

"माझे वडीलही अगदी असंच म्हणतात," ग्वाकबाई हसली.

मीही हसले. तिथे हसायला नको होतं. तिथे म्हणायला हवं होतं, बाई, ह्यांना माझं नाव येतच नाही, लेकीचंही येत नाही. पण दाढी केलेला, पांढऱ्या सदऱ्यातला माझा नवरा ताठ बसला होता. किती दिवसांनी बसला होता तसा.

"संडास-बाथरूमचं कसं, आजी?"

"जातात की. कधी उशीर होतो. वय आहे."

"मारतात, ढकलतात?"

मनगट मी ॲप्रनखाली घेतलं. "हे? मुंगीसुद्धा मारायचे नाहीत."

ती भली होती. "स्वयंपाकघरात बोलूया का?" म्हणाली. ह्यांच्या माघारी तरी मी बोलेन असं तिला वाटलं असणार. आत आल्यावर तिनं मांसाचं पातेलं पाहिलं. "वास काय सुटलाय! रोज तुम्हीच करता?"

"मग कोण करणार? पाच मिनिटांचं काम. तुमच्या वयाच्या पोरी पाकीट आणून फोडतात." आणि मी तिच्यादेखत ऐटीत किवी किसून मांसात घातली. तिनं मान डोलावली, हातातल्या काचेच्या पाटीवर बोटानं काहीतरी टिपलं आणि निघाली.

दार लागल्यावर युन्हीनं कामावरूनच चोरून फोन केला. "काय झालं?"

"छान झालं. एकही उत्तर चुकले नाहीत."

पलीकडे पट्ट्यावरून खोकी सरकत होती. ती म्हणाली, "छान झालं म्हणजे काय गं, आई?" रागावली असती तर मी दोन शब्द सुनावले असते. ती रागावली नाही. "मुकादमाला सांगून येते मग आजच. पहिल्या तारखेपासून येत नाही म्हणून."

मी पातेल्यासमोर उभी राहिले. आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितली नव्हती. मागच्या महिन्यात एका बुधवारी मी ह्यांचा हात धरून बंदराच्या धक्क्यावर गेले होते. पार टोकापर्यंत. भरती होती, माणूस कुणी नव्हतं. ते लहान मुलासारखे माझ्याबरोबर चालत आले. आणखी चार पावलं टाकली असती तरी तसेच आले असते. मी तिथं उभी राहिले आणि मला आठवलं, मांसात किवी घालून आलेय. अर्ध्या तासावर राहिलं तर त्याचा लगदा होतो. पोरं साडेसहाला येतील, काय खातील? एवढ्यावर मी परत फिरले. दुसरं काही कारण नव्हतं. देव नाही आठवला, युन्ही नाही आठवली, मांस आठवलं.

उद्या युन्ही घरी बसली की मांसही तीच करणार. परत फिरायला मग मला काय आठवणार?

खिडकीतून पाहिलं, खाली ग्वाकबाईची गाडी अजून उभी होती. ती आत बसून लिहीत होती. मी गॅस बंद आहे का पाहिलं, बटण काढून खिशात टाकलं आणि लिफ्टनं खाली गेले. पायात ह्यांच्या चपला होत्या, हातात लाकडी चमचा. गाडीच्या काचेवर चमच्यानंच ठोकलं.

"मी खोटं बोलले," म्हटलं.

तिनं काच खाली घेतली. बाजूच्या बाकावर तळमजल्याच्या दोन बायका लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी चाळीस वर्षं मान वर करून वावरले. दोघींचे हात थांबले.

"आजी, गाडीत बसता का?"

"नको. बसले तर बोलवणार नाही. लिहा. रात्रीतून तीन-तीनदा उठून बाहेर जातात. संडास कुठेही करतात. एकदा भाताच्या कुकरमध्ये केली. मला ओळखत नाहीत. हे मनगट त्यांनी पिरगाळलं, चोर समजून. लिहिताय ना?"

"लिहितेय."

"मी धक्क्यावर घेऊन गेले होते त्यांना."

तिचं बोट थांबलं. "हवा खायला?"

"नाही."

बाकावरची एक जण चटकन तोंड फिरवून बसली. ग्वाकबाईनं हळूच विचारलं, "हेही लिहू, आजी?"

"लिहा."

तिनं लिहिलं. मग एकदम मान वर केली. "आत्ता आजोबा कुठे आहेत?"

"वर."

"एकटे?"

आम्ही दोघी लिफ्टकडे धावलो. माझं धावणं ते काय! ती पुढे गेली आणि दार धरून उभी राहिली. अकरा मजले चढेपर्यंत आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही.

ते बसायच्या खोलीत जमिनीवर होते. विजार उतरवून भिंतीशी टाकलेली. सगळीकडे घाण झाली होती, आणि ते गुडघ्यांवर बसून पांढऱ्या सदऱ्यानं ती पुसत होते. कुणी यायच्या आत पुसून टाकावी तसे, घाईघाईनं. ग्वाकबाईला पाहिल्याबरोबर त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःला झाकलं.

मी धावले आणि ॲप्रन दोन्ही हातांनी पसरून त्यांच्यापुढे उभी राहिले. अठ्ठेचाळीस वर्षं मी अशीच उभी होते. दारू होती तेव्हा, काम सुटलं तेव्हाही. लोकांना मी दिसायचे, मागचं काही दिसायचं नाही. ग्वाकबाई उंबऱ्यातच थांबली. तिनं मान खाली घातली होती. ती बघणार नव्हती. मी उभी असेपर्यंत ती बघणार नव्हती.

मी ॲप्रन सोडला आणि बाजूला झाले.

"बघा," म्हटलं. "नीट बघून लिहा."

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा ओळखीनं पाहिलं. मी कोण आहे ते त्यांना त्या वेळी बरोबर कळलं होतं.

ग्वाकबाई गेल्यावर मी त्यांना अंघोळ घातली, जमीन तीनदा पुसली. मांसाचा व्हायचा तो लगदा झाला होता. तोच कडक तव्यावर टाकला, वर पात घातली. साडेसहाला पोरं आली, युन्ही आली. मुकादम भेटला नाही म्हणाली. मी म्हटलं, उद्याही भेटू नकोस. तिनं एकदा माझ्याकडे, एकदा दोरीवरच्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं आणि वाट्या मांडल्या.

"आजी, मांस आज आजोबांसारखं झालंय, दात नसले तरी चालेल," नात म्हणाली. पोरं हसली, खाली मान घालून खाऊ लागली.

मी नेहमीसारखी ह्यांच्या शेजारी बसले, भातावर मांस घेऊन चमचा तोंडाशी नेला. त्यांनी ओठ मिटले. थोडं फुंकून पुन्हा नेला. त्यांनी मान भिंतीकडे वळवली.

"दे, मी बघते," युन्ही म्हणाली. मी चमचा तिच्याकडे दिला. तिच्या हातून ते सावकाश, एकही शीत न सांडता, वाटीभर जेवले.